परड्यात काय लावावे?

परागीभवनाचा पाठ आपण विज्ञानाच्या पुस्तकात शिकतो. फुलाची आकृती काढतो, पुंकेसर, स्त्रीकेसर, परागकोश अशी नावे देतो आणि गुण मिळवतो. हाच पाठ आपल्या घरामागच्या परड्यात रोज सकाळी प्रत्यक्ष चालू असतो, पण तिकडे आपले लक्ष जात नाही. या लेखात आम्ही त्या परड्याविषयी लिहिणार आहोत. पालकांनीही तो वाचावा, कारण परड्यात काय लावायचे आणि काय उपटायचे हे शेवटी तेच ठरवतात. संस्थेच्या विश्वस्तांसाठी शेवटी एक विनंती आहे.

कडोली हे शेतीचे गाव. भात, रताळी, बटाटा ही आपल्या भागातली नेहमीची पिके. या तिन्ही पिकांना मधमाशीची गरज नाही. भाताचे परागीभवन त्याच्याच फुलात होते. रताळे आणि बटाटा तर आपण जमिनीतून काढतो, त्यांना फळ धरले काय आणि न धरले काय, आपल्याला फरक पडत नाही. म्हणून कोणी विचारील की मग माश्यांची एवढी काळजी कशाला? तर भाजीकडे पाहा. काकडी, दोडका, कारले, भोपळा, दुधी या सगळ्या वेलभाज्या माश्यांवर आणि पतंगांवर जगतात. बेळगाव भागातली भाजी गोव्याच्या बाजारापर्यंत जाते, त्या व्यवहारात या लहान कीटकांचा वाटा आहे. त्याची मजुरी कोणी मांडत नाही, एवढेच.

काकडीच्या वेलावर नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे असते. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी इवलीशी काकडी आधीच तयार असते, त्यावरून ते ओळखावे. पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही. फूल सकाळी उमलते आणि एकच दिवस टिकते. त्या काही तासांत माशीने नर फुलावरचा पराग मादी फुलावर नेला पाहिजे, तोही एकदा नव्हे, अनेकदा. फेऱ्या कमी पडल्या की काही बिया धरतात, काही धरत नाहीत. मग काकडी एका टोकाला फुगते, दुसऱ्या टोकाला बारीक राहते आणि वाकते. अशा काकडीला बाजारात भाव नाही. आपण खताला, पाण्याला, बियाणाच्या कंपनीला दोष देतो, पण पुष्कळदा फुलावर पुरेशा माश्या आल्याच नाहीत हे खरे कारण असते.

सगळ्या वेलांची वेळ एक नसते. घोसाळ्याचे फूल पहाटे उमलते, तर त्याच्या सख्ख्या भावंडाचे, म्हणजे दोडक्याचे, संध्याकाळी. दुधी आणि पडवळ यांची पांढरी फुले तिन्हीसांजेनंतर उघडतात. अंधारात पांढरा रंग दिसतो आणि त्यावर रात्रीचे पतंग येतात. विश्वास बसत नसेल तर संध्याकाळी सहाला दोडक्याच्या मांडवाखाली जाऊन उभे राहा.

वांग्याची गोष्ट आणखी निराळी. त्याचा पराग बंद नळीत असतो आणि नळीच्या टोकाला बारीक भोक असते. मिठाची डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही, तसा हा पराग. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची एक छोटी गुबगुबीत माशी फुलाला मिठी मारते आणि अंग थरथरवते. त्या थरथरीने पराग बाहेर सांडतो. त्या वेळी येणारा ‘झूंऽऽ’ असा आवाज नेहमीच्या गुणगुणण्यापेक्षा वेगळा ऐकू येतो. पोळ्यातल्या मधमाशीला ही विद्या येत नाही. वाऱ्याने वांगे काही प्रमाणात धरते, पण भुंगा असला की फळधारणा चांगली होते.

माशी नसली तर काय होते, याचे एक उदाहरण इतिहासात आहे. व्हॅनिलाचा वेल मूळ मेक्सिकोचा. तो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेला, वेल वाढला, फुलला, पण शेंग धरेना, कारण त्याची परागवाहक माशी मेक्सिकोतच राहिली होती. १८४१ साली एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग लावण्याची रीत शोधली. आजही जगभर व्हॅनिला असाच हाताने फुलवावा लागतो. आपल्या कर्नाटकातल्या मलनाडातले शेतकरीही तेच करतात. व्हॅनिला महाग विकतो म्हणून ही मजुरी परवडते. काकडीच्या प्रत्येक फुलाला काडी लावायला माणूस कुठून आणायचा?

आता आपले कामगार कोण ते पाहू. उंच झाडाला किंवा कड्याला लोंबणारे आग्या मोहोळ सर्वांना माहीत आहे आणि त्याची भीतीही आहे. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहणारी सातेरी ही पेटीतही पाळता येते. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे पोळे करणारी ती फुलोरी. याशिवाय मुंगीएवढी, डंख नसलेली काळी माशी असते, तिच्या घराचे मेणाचे तोंड जुन्या भिंतीतून नळीसारखे बाहेर आलेले दिसते. या चौघी कळपाने राहतात. पण एकेकट्या राहणाऱ्या माश्यांचे प्रकार यांहून कितीतरी जास्त आहेत. भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत घर कोरतो. निळ्या पट्ट्यांची माशी मातीच्या भिंतीत राहते. कित्येक माश्या उघड्या जमिनीत बोटभर भोक पाडून अंडी घालतात. या जोडीला फुलपाखरे, पतंग, फुलमाश्या, भुंगेरे आणि शिंजीर पक्षी आहेत.

यांचे दिवस आता कठीण आले आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, पूर्वी शेताचा बांध कसा होता. बांधावर निर्गुडी, रुई, करंज, घायपात, वेली यांची गर्दी असे. आता बांध तणनाशकाने साफ करतात आणि निर्गुडीच्या कुंपणाच्या जागी तारा येतात. मातीच्या भिंती गेल्या, सिमेंट आले. घर पक्के झाले याचा आनंदच आहे, पण निळ्या पट्ट्यांच्या माशीचे घर गेले. अंगणात फरशा बसल्या, तिथे जमिनीत राहणाऱ्या माशीला जागा उरली नाही. त्यात रोगाची भर. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरी माश्यांच्या बहुतेक वसाहती संपवल्या आणि मधपाळ देशोधडीला लागले. त्यातून सावरायला पुष्कळ वर्षे गेली.

उलट दिशेने चाललेली उदाहरणेही आहेत, आणि ती दूरची नाहीत. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातल्या पाटगावाने तीच वाट धरली. निपाणीहून गारगोटीमार्गे पाटगावला जाता येते. सहल काढायची झाली तर किल्ल्यांच्या यादीत हे गाव जरूर घालावे. तिथले मध हे रानातल्या झाडांच्या फुलोऱ्यावर उभे आहे. आपल्याकडे तेवढे रान नाही, परडे आहे.

मग परड्यात काय लावावे? इथे ‘देशी’ या शब्दाने फसू नये. ज्याला आपण देशी झेंडू म्हणतो तो मेक्सिकोचा. झिनिया, कॉसमॉसही तिकडचेच. सदाफुली आणि गुलमोहर मादागास्करचे, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. बोगनवेलीचा रंगीत भाग तर फूलच नव्हे, ती पाने आहेत. खरे फूल मधोमध असते, पांढरे आणि टिचभर. अर्थात एवढ्यावरून परदेशी झाडांना शिव्या घालायचे कारण नाही. मिरची, टोमॅटो, बटाटा, आणि ज्या रताळ्यांमुळे आपल्या भागाचे नाव आहे ती रताळीसुद्धा मूळ अमेरिकेची. दसऱ्याचा झेंडू लावावा, त्यावर फुलपाखरेही येतात.

मात्र स्थानिक बहुवर्षायू झाडांना पहिले स्थान द्यावे, असे आमचे मत आहे. फुलपाखराला मध कोणत्याही फुलात चालतो, पण त्याच्या अळीला चालत नाही. अळी ठरावीक झाडाचीच पाने खाते, आणि तिची गाठ हजारो वर्षांपासून इथल्या झाडांशी आहे. शिवाय ही झाडे आपल्या पावसाला आणि आपल्या उन्हाळ्याला सरावलेली असतात. पहिली दोन वर्षे जपली की पुढे पाणी, खत, फवारणी फारशी लागत नाही. एकदा लावले की दहा-दहा वर्षे फुलते, दर हंगामाला बियाणे आणावे लागत नाही. आणि ती रानात सुटून दुसऱ्यांच्या मुळावर उठत नाहीत. घाणेरीचे पाहा. तिच्यावर फुलपाखरांची झुंबड असते हे खरे, पण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेल्या या झुडपाने डोंगरच्या डोंगर व्यापले आणि खालचे गवत, रोपे मारली. म्हणून फुलपाखरे येतात तेवढ्यावरून घाणेरी लावू नये.

कोणते झाड इथले आणि कोणते बाहेरचे, हे कसे कळायचे? थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. बेळगाव जिल्हा तेव्हा त्या इलाख्यात होता, त्यामुळे आपल्या भागातल्या झाडांच्या नोंदी त्यात सापडतात. पण त्याहून सोपी यादी आपल्या घरात आहे. गणपतीला वाहायची पत्री आठवा: तुळस, आघाडा, शमी, बेल, माका, डोरली, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता. यांतली बहुतेक इथल्या मातीतली. आजी पत्री गोळा करायला जिथे नेते, तिथेच तुमचा अर्धा अभ्यास होतो.

सुरुवात तुळशीपासून करावी. वृंदावनातली एक तुळस सर्वांकडे असते आणि तिच्या मंजिऱ्या आपण खुडतो, म्हणजे झाड भरदार होते. ते बरोबरच आहे. पण परड्यात आणखी पाच-सहा तुळशी लावाव्यात आणि त्यांना फुलू द्यावे. तुळशीचे फूल दिसते मोहरीएवढे, पण सकाळी नऊच्या सुमाराला त्यावर सातेरी, फुलोरी, निळ्या पट्ट्यांची माशी अशी गर्दी उडते की मोजता मोजता चुकायला होते. बी पडून नवी रोपे आपोआप उगवतात.

दुसरा अडुळसा. खोकल्याच्या काढ्यामुळे तो घरोघर माहीत आहे. त्याचे पांढरे फूल जांभई दिलेल्या सिंहाच्या तोंडासारखे दिसते. खालच्या ओठावर जांभळ्या रेषा असतात, त्या म्हणजे माशीला मधाची वाट दाखवणाऱ्या खुणा. भुंगा त्या ओठावर उतरतो, त्याच्या वजनाने फूल झुकते आणि वरचे पुंकेसर पाठीला घासतात. पुस्तकातली आकृती आणि हे फूल शेजारी ठेवून पाहावे. अडुळसा हिवाळ्यात फुलतो, कलमे सहज जगतात आणि शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. कुंपणाला याहून सोयीचे झाड आमच्या माहितीत नाही.

पण आम्हाला विचाराल तर सगळ्यांत महत्त्वाची निर्गुडी, आणि त्याचे कारण पावसाळा. उन्हाळ्यात जांभूळ, करंज, कडुनिंब, आंबा यांच्या मोहोरावर माश्यांची दिवाळी असते. जून ते सप्टेंबर मात्र त्यांचा खरा दुष्काळ. बाहेर सगळे हिरवे असते, पण मध देणारी फुले थोडी आणि झडीत उडताही येत नाही. पेटीत माश्या पाळणारे या दिवसांत त्यांना साखरेचा पाक देतात. त्या काळात निर्गुडीचे निळसर तुरे उपयोगी पडतात. सांधे दुखू लागले की तिचा पाला गरम करून बांधतात आणि धान्यातही घालतात, त्यामुळे एके काळी ती प्रत्येक कुंपणात होती. ती परत आणायला फक्त हातभर फांदी लागते.

पावसाळ्यासाठी आणखी दोन नावे: भारंगी आणि शतावरी. शतावरीचा काटेरी वेल कोपऱ्यातल्या तारेवर सोडावा. पावसाच्या शेवटाला तो बारीक पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरतो. पाऊस सरला की पिवळी कोरांटी आणि चित्रक फुलतात. चित्रकाच्या पानांवर झेब्रा ब्लू नावाचे इवलेसे पट्टेदार फुलपाखरू अंडी घालते. अबोली ही दक्षिण भारताचीच, गजऱ्यासाठी घरोघर असते, थोडी फुले झाडावरही राहू द्यावीत. तांबडा बकोरा, ज्याला कोणी पेंटगूळ म्हणतात, लांब सोंडेच्या फुलपाखरांसाठी चांगला. जागा मोठी आणि माळरानाची असेल तर धायटी लावावी. तिच्या तांबड्या नळीदार फुलांवर शिंजीर येतात आणि आसवे-अरिष्टे करताना वैद्य हीच फुले घालतात. शेवगा तर सर्वांकडे असावाच, त्यावर भुंगे येतात आणि शेंगा आपल्याला मिळतात.

कढीपत्ता आणि लिंबू यांच्याबद्दल पालकांना थोडे सांगायचे आहे. त्यांच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी आढळते, पुढे ती हिरवीगार होते. ती बघताच आपण चिरडतो किंवा औषध मारतो. ती लिंबाळी फुलपाखराची किंवा मॉर्मन जातीच्या फुलपाखराची अळी असते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले ब्लू मॉर्मन, म्हणजे नीलवंत, याच कुळातल्या झाडांवर वाढते. मोठ्या झाडाची दहा-वीस पाने गेल्याने काही बिघडत नाही. रोप अगदी लहान असेल तर अळी उचलून मोठ्या झाडावर सोडावी. मारू नये.

रुईवर प्लेन टायगर नावाचे केशरी फुलपाखरू वाढते आणि तिच्या फुलावर मोठे भुंगे येतात. पण रुईचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. कळलावीचे फूल पावसाळ्यात अतिशय देखणे दिसते, तिचा कंद मात्र जीवघेणा विषारी आहे. कण्हेरीचेही सगळे भाग विषारी. ही झाडे बांधावर असू द्यावीत, लहान मुले खेळतात तिथे लावू नयेत.

उंबराबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही, जरी तो परड्यात मावणार नाही. दुर्मीळ माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. फूल दिसत नाही कारण ते उंबराच्या आत असते, शेकड्यांनी. उंबर फोडले की आत किडे निघतात म्हणून आपण नाक मुरडतो. पण उंबराचे परागीभवन करणारी चिलटाएवढी गांधीलमाशी त्यांच्यातच असते. वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. ती नसती तर उंबराला बी धरले नसते.

लावताना एकेक रोप विखरून लावण्यापेक्षा एकाच जातीची तीन-चार शेजारी लावावीत. माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते, तिला एका जागी जास्त फुले मिळाली की ती परत येते. रोपवाटिकेत ‘डबल’ फुलाचा आग्रह धरू नये. डबल जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की अडुळसा, निर्गुडी, बकोरा यांच्या फांद्या खोचाव्यात. रानातून झाड मुळासकट उपटून आणू नये. परड्याचा एखादा कोपरा न खणता, न झाडता उघडा सोडावा, तिथे वाळके लाकूड राहू द्यावे. उन्हाळ्यात उथळ थाळीत खडे घालून पाणी ठेवावे. खडे नसले तर माश्या बुडतात.

सर्वांत जास्त नुकसान फवारणीने होते. काकडीचे फूल सकाळी उमललेले असते आणि आपण पंप घेऊन सकाळीच निघतो. फवारणी करावीच लागली तर संध्याकाळी करावी. दोडक्याच्या मांडवात मात्र तेव्हा फुले उमलतात, म्हणून तिथे कळ्या उघडण्याआधी, माश्या नाहीत असे पाहून करावी. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे तर झाडाच्या अंगात भिनतात आणि परागात, मधात उतरतात. युरोपीय संघाने २०१८ साली उघड्या शेतात त्यांच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे ती सर्रास मिळतात. परड्यातल्या चार वांग्यांना ती मारण्याची खरोखर गरज नाही.

विश्वस्तांना विनंती अशी की शाळेच्या आवारात पुढे फरशीचे काम निघाले तर मागच्या कुंपणालगतची दोन हात रुंदीची पट्टी मातीचीच ठेवावी. तिथे निर्गुडी आणि अडुळशाची रांग लावता येईल. खर्च जवळजवळ काही नाही, आणि आठवी-नववीच्या मुलांना परागीभवनाचा पाठ खडूफळ्याविना शिकवता येईल.

विद्यार्थ्यांनी या सुट्टीत एक काम करावे. घरच्या एका फुलझाडासमोर सकाळी दहा मिनिटे बसावे आणि कोण कोण आले ते वहीत लिहावे: मोठी माशी, छोटी माशी, भुंगा, फुलपाखरू, मुंगी, शिंजीर. नावे येत नसतील तर चित्र काढावे. तेच दुसऱ्या झाडासमोर, आणि पावसाळ्यात पुन्हा एकदा. कोणाच्या परड्यात कोणत्या महिन्यात एकही फूल नसते, हेही लिहून आणावे. त्यावरून पुढच्या वर्षी काय लावायचे ते वर्गात ठरवू. निर्गुडी आणि अडुळशाच्या फांद्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात आणाव्यात. ज्यांना हव्या आहेत त्यांनी ओले गोणपाट घेऊन यावे.